साधा स्टेंट कीं औषधाचा ?

एकत्र कुटुंबांत दुखणें एकट्याचें म्हणून कधींच नसतें. एकाला ताप आला कीं चौघे उशाशीं बसतात, दोघीजणी काढा करतात, आणि ज्याला कोणीं विचारलेलें नसतें असा एखादा मामा तीन निरनिराळ्या वैद्यांचीं नांवें सुचवितो. ही पद्धत कितीही त्रासाची वाटली तरी तिच्यामुळें चार डोकीं एकत्र येतात, आणि साध्या दुखण्यांत त्याचा उपयोगच होतो. हृदयविकाराचा झटका मात्र चार डोकीं एकत्र येण्याइतकी सवड देत नाहीं. आणि नेमका अशाच वेळीं डॉक्टर बाहेर येऊन घरच्या मंडळींस एक प्रश्न विचारीत असत. तो प्रश्न आमच्या घरीं आला तेव्हां आम्हीं काय केलें आणि त्याविषयीं पुढें काय वाचलें, तें आमच्या वाचकांपुढें ठेवण्याचा विचार पुष्कळ दिवस मनांत होता.

सन २००९ च्या श्रावणांतील एका सकाळीं आमच्या थोरल्या बंधूंना (घरांत लहानथोर त्यांना दादाच म्हणतात) पूजेस बसले असतांनाच दरदरून घाम सुटला. छातींत कळ अशी नव्हती, नुसता दाब वाटत होता, आणि तो पित्ताचा असावा याबद्दल आम्हां सर्वांचें एकमत होतें. आमच्या घरांत एकमत इतक्या लवकर क्वचितच होतें. अर्धा तास आलें-लिंबांत गेला. अखेर धाकट्या चिरंजीवांनीं कोणाचें न ऐकतां गाडी काढली म्हणून दादा वेळेवर रुग्णालयांत पोंचले. तेथें हृदयाचा आलेख निघतांच धांवपळ सुरू झाली आणि थोड्याच वेळांत एक तरुण डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले, "एक रक्तवाहिनी पूर्ण बंद आहे. ती उघडून आंत स्टेंट बसवावा लागेल. साधा बसवूं कीं औषधाचा ? लवकर सांगा."

साध्याची किंमत पंचेचाळीस हजार, औषधाच्याची सव्वा लाख. व्हरांड्यांत आम्ही पुरुषमंडळी गोल करून उभे राहिलों. काका म्हणाले, महाग तें चांगलें असतेंच असें नाहीं. आमच्या मेहुण्यांनीं दोन-तीन वर्षांपूर्वीं वर्तमानपत्रांत वाचलें होतें कीं औषधाच्या स्टेंटमध्यें पुढें गुठळ्या होतात. आम्हांलाही तें अंधुक आठवत होतें. वहिनी भिंतीपाशीं बांकावर बसल्या होत्या. त्यांना कोणीं विचारलें नाहीं. पांच मिनिटांत आम्हीं साध्याच्या बाजूनें कौल दिला.

आतां मूळ प्रकार काय आहे तें पाहूं. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरविणाऱ्या वाहिन्या हृदयाच्या पृष्ठभागावरून जातात. त्यांच्या भिंतींत वर्षानुवर्षें मेदाचा थर साठत असतो. पुष्कळांची समजूत अशी कीं हा थर वाढत वाढत नळी बुजवितो आणि मग झटका येतो. बहुतेक वेळां तसें घडत नाहीं. थरावरील पातळ पापुद्रा एकाएकीं फुटतो, आंतला मेद रक्ताच्या संपर्कांत येतो, आणि जखम झाल्याप्रमाणें रक्त तेथें गोठूं लागतें. ती गुठळी नळी बंद करते आणि पलीकडचा स्नायू मरूं लागतो. म्हणूनच कालपर्यंत पर्वती चढणारा मनुष्य आज सकाळीं आडवा होतो. वाहिनी जितकी लवकर उघडेल तितका स्नायू वांचतो. सुमारें दोन तासांच्या आंत अँजिओप्लास्टी होण्यासारखी नसेल तर गुठळी विरघळविणारें इंजेक्शन आधीं द्यावें असा आजचा वैद्यकीय दंडक आहे. तालुक्याच्या गांवीं राहणाऱ्या वाचकांनीं हें विशेष लक्षांत ठेवावें.

ही वाहिनी आंतून फुग्यानें उघडण्याची युक्ति आंद्रेआस ग्रुंटझिग या जर्मन डॉक्टरांची. आपल्या नळ्या व फुगे त्यांनीं घरीं स्वयंपाकघरांतील टेबलावर तयार केले, आणि १६ सप्टेंबर १९७७ रोजीं झूरिक येथें एका अडतीस वर्षांच्या रोग्यावर पहिला प्रयोग केला. तो यशस्वी झाला. परंतु पुढें असें दिसून आलें कीं फुग्यानें उघडलेल्या वाहिन्यांपैकीं सुमारें एकतृतीयांश कांहीं महिन्यांत पुन्हां आकसतात. तेव्हां आंत टेकू देण्याची कल्पना निघाली. १९८६ सालीं फ्रान्समधील तुलूझ येथें झाक प्युएल यांनीं आणि स्वित्झर्लंडमधील लोझान येथें उलरिख सिगवार्ट यांनीं जिवंत माणसाच्या हृदयवाहिनींत धातूची जाळीदार नळी बसविली. हाच स्टेंट. फुग्यावर घट्ट बसविलेली ही जाळी योग्य जागीं नेऊन फुगा फुगविला कीं ती उमलते आणि भिंतीला आंतून धरून राहते. फुगा परत येतो, जाळी जन्मभर तेथेंच राहते.

टेकूनें आकसणें थांबलें, पण दुसरी अडचण उभी राहिली. धातूच्या तारा भिंतींत रुतल्या कीं शरीराला ती जखमच वाटते, आणि जखम भरून काढण्याच्या भरांत भिंतींतील पेशी प्रमाणाबाहेर वाढतात. व्रण भरतांना कधीं कधीं वर मांस येतें तसाच हा प्रकार. पहिल्या सहा ते नऊ महिन्यांत जाळीच्या आंत अशी वाढ होऊन वाट पुन्हां अरुंद होई. मग या वाढीला लगाम घालणारें औषध जाळीवरच लावून ठेवलें तर ?

तें औषध जेथून आलें ती हकीकत कोणा कादंबरीकारानेंही सहज रचली नसती. १९६४ सालीं कॅनडाहून एक वैद्यकीय तुकडी पॅसिफिक महासागरांतील ईस्टर बेटावर गेली होती. तेथील रहिवासी बेटाला रापा नुई म्हणतात. तुकडीनें आणलेल्या मातींत एक सूक्ष्म जंतु सांपडला, आणि तो बनवीत असलेलें द्रव्य माँट्रिअल येथील एका औषधकंपनीच्या प्रयोगशाळेंत डॉ. सुरेंद्रनाथ सेहगल यांनीं वेगळें काढलें. सेहगल हे पंजाबांत जन्मलेले व बनारस हिंदु विश्वविद्यालयांत शिकलेले आपल्याकडचेच शास्त्रज्ञ. बेटाच्या नांवावरून द्रव्याला रापामायसिन हें नांव पडलें. पुढें तें सिरोलिमस झालें. प्रथम त्याचा विचार बुरशी मारणारें औषध म्हणून झाला. १९८३ च्या सुमारास कंपनीनें ती प्रयोगशाळा बंद केली, तेव्हां सेहगलांनीं त्या जंतूचा सांठा घरच्या शीतपेटींत जपून ठेवला ! घरांतील मंडळींनीं तो एखाद्या दिवाळीच्या साफसफाईंत टाकून दिला असता तर काय झालें असतें, ही कल्पना आम्हांला नेहमीं सतावते. १९९९ सालीं तें औषध मूत्रपिंडारोपणाच्या रोग्यांसाठीं अमेरिकेंत मान्य झालें, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत ब्राझीलमधील साव पावलो येथें एदुआर्दो सौझा यांनीं तें लावलेले स्टेंट प्रथम माणसांत बसविले. २००२ सालीं प्रसिद्ध झालेल्या रॅव्हेल नांवाच्या चांचणींत सहा महिन्यांनीं साध्या स्टेंटपैकीं शेंकडा २६.६ पुन्हां अरुंद झालेले आढळले. औषधाच्या स्टेंटपैकीं एकही नाहीं.

एवढ्यावर वाद मिटावयास हवा होता, पण तो मिटला नाहीं. या आरंभींच्या चांचण्या बहुतांशीं सवडीनें अँजिओप्लास्टी करून घेणाऱ्या रोग्यांवर झाल्या होत्या. ताज्या झटक्याचे रोगी त्यांतून वगळलेले होते. झटक्याच्या वेळची वाहिनी निराळी असते. ती आक्रसलेली असते, आंत गुठळी असते, त्यामुळें तिचा खरा व्यास कळत नाहीं आणि स्टेंट थोडा लहान निवडला जाण्याचा संभव असतो. पुढें गुठळी विरघळली कीं जाळी आणि भिंत यांत फट राहते. शिवाय फुटलेल्या थरावर बसलेल्या जाळीवर नवें अस्तर धरावयास वेळ लागतो, आणि पेशींची वाढ रोखणारें औषध तें अस्तरही उशिरां धरूं देतें. उघडी तार म्हणजे गुठळीला आमंत्रण. जें औषध एका अंगानें उपकारक तेंच दुसऱ्या अंगानें घातक ठरेल काय, असा हा पेंच होता.

२००६ सालीं झटक्याच्या रोग्यांवरील दोन चांचण्या प्रसिद्ध झाल्या आणि त्यांनीं वेगवेगळी साक्ष दिली. टायफून या चांचणींत ७१२ रोगी होते. तेथें सिरोलिमसच्या स्टेंटनें वर्षभरांत पुन्हां तीच वाहिनी उघडण्याची पाळी शेंकडा ५.६ जणांवर आली, साध्यानें १३.४ जणांवर. पॅशन या ६१९ रोग्यांच्या चांचणींत दुसरें औषध होतें, पॅक्लिटॅक्सेल, जें मूळचें यू नांवाच्या झाडाच्या सालींतून मिळालें. तेथें फरक दिसला, पण खात्रीनें सांगण्याइतका नाहीं. (चांचण्यांना हीं वादळी व भावपूर्ण नांवें देण्याची हौस डॉक्टरांना कां असते न कळे.) त्याच वर्षीं बार्सिलोना येथें भरलेल्या युरोपीय हृदयरोगतज्ज्ञांच्या परिषदेंत, औषधाच्या स्टेंटमध्यें वर्ष उलटून गेल्यावरही अवचित गुठळी होते व मृत्यु वाढतात, असे निबंध वाचले गेले आणि जगभर खळबळ उडाली. आमच्या मेहुण्यांनीं वाचलेली बातमी तीच. पुढें अधिक वर्षांचे आंकडे जमल्यावर मृत्यूविषयींची भीति अतिशयोक्तीची ठरली. उशिरां होणाऱ्या गुठळीची भीति मात्र त्या पहिल्या पिढीच्या स्टेंटपुरती खरी होती.

आम्ही व्हरांड्यांत उभे होतों त्याच वर्षीं होरायझन्स ही मोठी चांचणी प्रसिद्ध झाली होती. ३००६ रोगी, सर्व ताज्या झटक्याचे. एका वर्षांत तोच भाग पुन्हां उघडण्याची गरज पॅक्लिटॅक्सेलच्या स्टेंटमध्यें शेंकडा ४.५, साध्यांत ७.५. गुठळी जवळजवळ सारखी. आणि मृत्यु ? दोहोंकडे शेंकडा ३.५. हा शेवटचा आंकडा वाचकांनीं दोनदां वाचावा. औषधाचा स्टेंट जीव वांचवितो आणि साधा मारतो, असा जो समज लोकांत पसरला होता त्याला आधार नव्हता. जीव वांचतो तो वाहिनी वेळेवर उघडल्यानें. स्टेंटच्या निवडीनें ठरतें तें एवढेंच कीं त्याच दारांतून पुन्हां जावें लागेल कीं नाहीं.

त्यानंतर मात्र स्टेंटच बदलले. पहिल्या पिढीच्या सिरोलिमसच्या स्टेंटची तार सुमारें १४० मायक्रॉन जाड होती; नवी कोबाल्ट-क्रोमियमची तार ८० च्या आसपास आली. औषधें सुधारलीं, तें धरून ठेवणारा लेप शरीराला अधिक मानवणारा झाला. २०१२ सालीं एक्झॅमिनेशन या चांचणींत सुमारें दीड हजार झटक्याच्या रोग्यांत एव्हरोलिमसचा नवा स्टेंट व साधा यांची तुलना झाली. वर्षअखेर एकंदर हिशेबांत फरक निर्णायक नव्हता, परंतु ज्या गुठळीची सर्वांना धास्ती, ती नव्या स्टेंटमध्यें शेंकडा ०.५ आणि साध्यांत १.९ आढळली. म्हणजे पारडें उलटें फिरलें ! पांच वर्षांनीं त्याच रोग्यांत मृत्यूचें प्रमाण शेंकडा ९ विरुद्ध १२ असें दिसलें. कम्फर्टेबल या ११६१ रोग्यांच्या चांचणींतही हृदयासंबंधीं मोठ्या आपत्ति वर्षांत शेंकडा ४.३ विरुद्ध ८.७ होत्या.

तरीही हुरळून जाण्याचें कारण नाहीं. नॉर्वेंतील डॉक्टरांनीं ९०१३ रोग्यांचा, त्यांत झटक्याचेही आले आणि इतरही, सहा वर्षें पाठपुरावा करून २०१६ सालीं हिशेब मांडला. मृत्यु किंवा नवा झटका यांचें प्रमाण औषधाच्या स्टेंटमध्यें शेंकडा १६.६, साध्यांत १७.१, म्हणजे सारखेंच. पुन्हां वाहिन्या उघडण्याची वेळ मात्र १६.५ विरुद्ध १९.८. आमच्या मतें या सर्व वाङ्मयांतील सर्वांत प्रामाणिक आंकडे हे होत. नवा स्टेंट निःसंशय चांगला. पण त्यानें आयुष्याची दोरी लांबते असें छातीठोकपणें म्हणतां येत नाहीं.

साध्या स्टेंटच्या बाजूनें एक जोरदार मुद्दा पुष्कळ दिवस टिकून होता. स्टेंटनंतर गुठळी होऊं नये म्हणून दोन गोळ्या घ्याव्या लागतात, एक अॅस्पिरिनची आणि दुसरी क्लोपिडोग्रेल किंवा तत्सम. साध्या स्टेंटवर अस्तर लवकर धरतें, म्हणून दुसरी गोळी महिन्याभरांत थांबवितां येते. तेव्हां ज्यांना रक्तस्रावाचा धोका आहे, पोटांत व्रण आहे, किंवा दुसरी शस्त्रक्रिया पुढ्यांत आहे, त्यांना साधाच बरा, असें डॉक्टर म्हणत. २०१५ सालच्या लीडर्स फ्री या चांचणीनें हाही आधार काढून घेतला. रक्तस्रावाचा मोठा धोका असलेल्या २४६६ जणांना दोन्ही प्रकारांनंतर दोन गोळ्या फक्त एकच महिना दिल्या. मृत्यु, झटका व गुठळी मिळून लेपाच्या स्टेंटमध्यें शेंकडा ९.४ आणि साध्यांत १२.९ आढळलीं. शिवाय आमच्या विषयापुरतें बोलावयाचें तर झटका येऊन गेलेल्या मनुष्यानें, स्टेंट कोणताही असो, साधारणपणें बारा महिने दोन्ही गोळ्या घ्यावयाच्याच असतात. त्या स्टेंटसाठीं तितक्या नसतात, जितक्या ज्या विकारानें थर फुटला त्या विकारासाठीं असतात. २०१७ सालीं युरोपच्या हृदयरोग संस्थेनें झटक्यांत औषधाचाच स्टेंट वापरावा असा स्पष्ट निर्वाळा दिला, आणि आतां साधा स्टेंट क्वचितच बसविला जातो.

गोळ्यांची गोष्ट निघाली म्हणून सांगतों. आमच्या एका मावसभावाला झटक्यानंतर उत्तम प्रतीचा औषधाचा स्टेंट बसविला होता. तिसऱ्या महिन्यांत दाढ दुखूं लागली. दाढ काढतांना रक्त जाईल म्हणून कोणा शहाण्यानें त्याला दोन्ही गोळ्या आठ दिवस बंद ठेवावयास सांगितल्या, आणि हृदयाच्या डॉक्टरांना विचारण्याचें कोणाच्याच मनांत आलें नाहीं. सहाव्या दिवशीं स्टेंटमध्यें गुठळी झाली. तो वांचला, पण हृदय कायमचें दुबळें झालें. दाढ काढण्यासाठीं या गोळ्या बहुधा थांबवाव्या लागत नाहींत. दंतवैद्य जागच्या जागीं रक्त थांबवूं शकतात. एकादशीच्या निर्जळ उपासाला, प्रवासांत डबी विसरली म्हणून, किंवा अमुक काढ्यानें वाहिन्या मोकळ्या होतात असें ऐकून गोळ्या सोडणारे आम्हीं पाहिले आहेत. स्टेंटच्या निवडीवर चर्चा करणाऱ्या दहा घरांपैकीं एका घरांत तरी गोळ्यांवर इतकी चर्चा होते काय ?

पैशाचें सांगावयाचें राहिलें. दिल्लीच्या एका वकिलानें स्टेंटच्या किंमतींविरुद्ध उच्च न्यायालयांत दाद मागितली. जुलै २०१६ मध्यें स्टेंट आवश्यक औषधांच्या राष्ट्रीय यादींत आला, आणि फेब्रुवारी २०१७ मध्यें राष्ट्रीय औषध किंमत निर्धारण प्राधिकरणानें कमाल किंमत बांधून दिली : साधा ७,२६० रुपये, औषधाचा २९,६०० रुपये. पुढच्याच वर्षीं ती ७,६६० व २७,८९० झाली. मागाहूनही तींत फेरफार होत आले आहेत. ऐंशी हजारांचें अंतर वीस-बावीस हजारांवर आलें. अनेक घरांच्या व्हरांड्यांतील तो घोळका या एका हुकुमानें मोडला असेल. स्टेंट बसविण्याचा खर्च अर्थात् स्टेंटच्या किंमतीहून निराळा व पुष्कळ मोठा असतो, आणि बिलांत तो वेगळा दाखविलेला आहे कीं नाहीं हें घरच्यांनीं पाहावें.

आतां दादांचें. सातव्या महिन्यांत, पर्वतीच्या पायऱ्यांवर, तोच दाब त्यांना पुन्हां जाणवला. यावेळीं पित्ताचें नांव कोणीं काढलें नाहीं. तपासणींत साध्या स्टेंटच्या आंत वाट अरुंद झालेली निघाली आणि तिच्यांत दुसरा, औषधाचा, स्टेंट बसविला गेला. आधीं वांचविलेले ऐंशी हजार व्याजासुद्धां गेले. आमचा निर्णय मूर्खपणाचा होता असें आम्ही अजूनही म्हणत नाहीं. साधा स्टेंट घातलेल्या शंभरांपैकीं बहुसंख्यांना पुन्हां कांहीं करावें लागत नसे, आणि दादा त्या थोड्यांत निघाले. पण एक गोष्ट सलते. होरायझन्सच्या आंकड्यांची फोड केल्यावर असें दिसलें होतें कीं ज्यांना इन्सुलिन घ्यावें लागतें अशांत, तीन मिलिमीटर किंवा त्याहून अरुंद वाहिनींत, आणि तीस मिलिमीटर वा अधिक लांबीच्या अडथळ्यांत औषधाच्या स्टेंटचा लाभ सर्वांत मोठा असतो. दादांना मधुमेह अकरा वर्षांचा, आणि त्या वर्षींच्या चैत्रापासून त्यांचें इन्सुलिन सुरू झालें होतें. व्हरांड्यांत आम्ही किंमत, वर्तमानपत्र आणि काकांचा अनुभव एवढ्यांवर बोललों. मधुमेहाचा उच्चार कोणीं केला नाहीं.

तो वहिनींना तोंडपाठ होता. इन्सुलिन त्याच देत, आणि साखरेच्या तपासण्यांच्या चिठ्ठ्या त्या तारखेवार एका वहींत चिकटवून ठेवीत. त्या दिवशींही ती वही त्यांच्या पिशवींत होती, असें त्यांनीं आम्हांला बऱ्याच वर्षांनीं, आम्ही हा लेख लिहावयास बसल्यावर, सांगितलें. "विचारलें असतें तर दाखविली असती," एवढेंच म्हणाल्या. दादा आतां सत्तरी ओलांडून गेले आहेत. वहीचें हें पांचवें पुस्तक आहे. दोन्ही स्टेंटचीं कार्डें, त्यांचे व्यास, लांबी व बसविल्याच्या तारखा तिच्या पहिल्या पानावर आहेत, आणि रुग्णालयांत जाण्याची वेळ आली तर ती वही आतां वहिनींच्याबरोबर डॉक्टरांच्या खोलींत जाते.